अफगाण चर्च, कुलाबा: मामांना घेऊन गेलो होतो

नाव ऐकून अफगाणी लोकांचं चर्च वाटतं पण तसं काही नाही हां. खरं नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत गेलेल्यांची आठवण म्हणून इथे येऊन राहिलेल्या इंग्रजांनी बांधलेलं. पाया १८४७ चा, चर्च सुरू झालं १८५८ ला आणि तो उंच मनोरा १८६५ चा, साधारण ६० मीटर, नेव्ही नगरच्या रस्त्यावर लांबूनच दिसतो. तरी आमच्या टॅक्सीवाल्याने आधी भलत्याच चर्चसमोर उतरवलं आणि वरून धो धो पाऊस.

आत मात्र एकदम गप्पच झालो. रंगीत काचा, इंग्लंडहून आणलेल्या नक्षीच्या फरश्या, चपला ओल्या म्हणून आम्ही आपले कडेकडेने चाललोय. बाकांना मध्ये मध्ये खाचा दिसल्या, मला वाटलं जुनं लाकूड तुटलं असेल, तर मामा म्हणाले, "अरे येड्या, रायफल उभी ठेवायची जागा आहे ही." सोल्जर लोक प्रार्थनेलाही बंदूक घेऊनच बसायचे म्हणे.

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून रिटायर झालेत, त्यामुळे चष्मा लावून थेट भिंतीपाशी. ऑफिसरांची नावं नीट कोरलीयत, आणि हवालदार-शिपायांबद्दल एवढंच की ते इतके जास्त होते की लिहिणं शक्य नाही, कोणी आजाराने गेलं कोणी तलवारीने. मी मराठीत सांगितलं तसे म्हणाले, "काळी पाचवी कुठाय मग?"

मला कुठे माहीत! काळी पाचवी म्हणजे मुंबई फौजेची पाचवी देशी पलटण, पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत आली. १८४० मध्ये याच युद्धाच्या काळात बलुचिस्तानातल्या काहानच्या किल्ल्यात वेढ्यात अडकून महिनोन् महिने तग धरला त्यांनी. कॅप्टन ब्राऊन साहेबाचं नाव इतिहासात सापडतं, बाकीच्यांचं कोण सांगणार. आणि काबूलहून जानेवारी १८४२ मध्ये माघारी निघाले ते इंग्रज फौजेचे सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार नोकरचाकर, बायकापोरं, ओझीवाले. जवळपास सगळे वाटेतच मेले किंवा पकडले गेले. त्यातला फौजेचा डॉक्टर ब्रायडन घोड्यावरून जलालाबादला पोचला ते सगळ्यांना पाठ असतं. ते बारा हजार मात्र कोणाच्याच भिंतीवर नाहीत.

बघण्यासारखं शंभर टक्के आहे, इमारतीला पाच स्टार, भिंतीवरच्या त्या ओळीला माझ्याकडून दोनच. उन्हं असतील तेव्हा जा, काचा जास्त छान दिसतील, आणि घरात कोणी फौजी असेल तर त्यांना न्याच, आपल्याला जे नुसतं जुनं दिसतं ते त्यांना वेगळं दिसतं.

निघताना मामांची छत्री सापडेना. त्या बंदुकीच्या खाचेतच उभी करून ठेवली होती, खाली पाण्याचं छोटं थारोळं.