ग्रानादोस की आल्बेनिझ: पियानोवर स्पॅनिश नृत्यरचना आधी कोणाच्या शिकाव्यात?

पियानोवर हात बऱ्यापैकी बसलेला वादक स्पॅनिश लोकनृत्यांवर आधारलेल्या रचनांकडे वळतो, तेव्हा त्याच्यासमोर बहुधा दोन संग्रह येतात: एन्रिके ग्रानादोस यांची बारा ‘दान्सास एस्पान्योलास’ (स्पॅनिश नृत्ये) आणि इसाक आल्बेनिझ यांची ‘सुइते एस्पान्योला’ (स्पॅनिश रचनामालिका). दोघेही संगीतकार कॅटलोनियात जन्मलेले आणि दोघांच्याही रचनांमागे गिटार सतत ऐकू येते. वादकाची कसोटी मात्र ते वेगवेगळ्या ठिकाणी घेतात.

ग्रानादोस यांनी 1890च्या सुमारास रचलेली नृत्ये मुळातच एका मालिकेतली आहेत. आल्बेनिझ यांच्या संग्रहाचे तसे नाही. 1886 साली आठ भागांचा बेत ठरला, पण त्यांतले निम्मेच पूर्ण झाले आणि उरलेल्या जागा त्यांच्या निधनानंतर प्रकाशकाने त्यांच्याच इतर रचनांनी भरल्या. विख्यात ‘आस्तुरियास’ त्यांपैकीच एक. नाव उत्तरेकडच्या प्रांताचे असले, तरी तिचे संगीत अस्सल दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियाचे, तिथल्या फ्लामेंको या लोकसंगीत-नृत्यशैलीच्या वळणाचे आहे, हे ध्यानात ठेवले नाही तर वादनाचा बाजच चुकतो.

याच रचनेत दोन्ही हात आळीपाळीने पडतात: एक हात एकच स्वर अखंड ठोकत राहतो आणि दुसरा खालच्या सप्तकात, गिटारवादकाच्या अंगठ्याने काढावी तशी, सुरावट वाजवतो. मधूनच दोन्ही बाजूंना दूरवर झेप घेऊन जोरकस स्वरसंघात (एकत्र वाजणारे अनेक स्वर) गाठावे लागतात. वेग वाढवण्याच्या मोहात इथे मनगट आखडते आणि आवाज कर्कश होतो. मधल्या भागात दोन्ही हात तीच सुरावट दोन सप्तकांच्या अंतराने, ठेका सैल सोडून गातात, आणि मला तरी हा भाग वेगवान भागापेक्षा अवघड वाटतो.

ग्रानादोस यांच्या पाचव्या नृत्यात, म्हणजे ‘आंदालुसा’मध्ये, अशी धावपळ नाही. डाव्या हाताची तुटक, तारा छेडल्यासारखी साथ हलकी ठेवून उजव्या हाताने त्यावर गायचे असते. साथ जड झाली किंवा स्वर लांबवणारे पेडल जास्त वेळ दाबून राहिले, की नृत्य हरवते. सहाव्या नृत्यात आरागोनच्या ‘होता’ या नृत्याची लय हळूहळू चढत जाते, त्यामुळे वेगावर ताबा ठेवायची सवयही त्यातून लागते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की आरंभ ग्रानादोस यांच्या पाचव्या नृत्याने करावा. त्यानंतर आल्बेनिझ यांची ‘ग्रानादा’ घ्यावी. तीत सुरावट डाव्या हाताकडे येते आणि उजवा हात वर स्वरसंघात छेडत राहतो, त्यामुळे आधी शिकलेले कसब आपोआप उलट बाजूने तपासले जाते. त्याच संग्रहातल्या ‘सेविया’ आणि ‘आस्तुरियास’ त्यानंतरच. ज्यांची बोटे आधीच चपळ आहेत, पण ठेका डगमगतो, त्यांनी मात्र थेट ‘सेविया’ हाती घ्यायला हरकत नाही. निवड करण्यापूर्वी स्पॅनिश पियानोवादक आलिसिया दे लारोचा यांनी वाजवलेल्या दोघांच्याही रचना ऐकाव्यात: वादक एकच असल्यामुळे फरक रचनांमधला आहे, हे लगेच कळते.