मिटनवाल्डचा हिवाळा मुलांसह: चार महिने वापरलेले बूट, हातमोजे आणि लाकडी स्लेज

मिटनवाल्ड हे जर्मनीतल्या बव्हेरियाच्या दक्षिण टोकाचं छोटं गाव. उंची साधारण 920 मीटर, पूर्वेला कारवेंडेल डोंगररांगेची उभी भिंत, पलीकडे लगेच ऑस्ट्रिया. नाताळची सलग सुट्टी आणि त्यानंतर मार्चपर्यंतचे शनिवार-रविवार एवढा हा वापर आहे. मुलं 4 आणि 8 वर्षांची. महत्त्वाचं आधीच सांगते: मुलांची सुट्टी थंडीनं बिघडत नाही, ओलीनं बिघडते. उणे आठला कोरड्या पायांचं मूल दोन तास खेळतं. शून्याच्या आसपास बर्फ चिकचिकीत असताना मोजे भिजले की वीस मिनिटांत रडारड सुरू. त्यामुळे प्रत्येक वस्तू याच कसोटीवर पाहिली.

बूट घेताना आतला फेल्टचा (दाबलेल्या लोकरीचा) अस्तर-बूट बाहेर निघतो की नाही, हे सगळ्यात आधी पाहा. न निघणारा बूट एका रात्रीत वाळत नाही. अंगठ्यापुढे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी. उबेसाठी मोज्यांचे दोन जोड चढवायची आपली सवय इथे उलटी पडते. बूट आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात. लोकरीचा एकच जाड जोड पुरतो. सुती मोजे आणि सुती बनियन मात्र घरीच ठेवा, कारण घाम शोषून ते अंगाला ओले चिकटून राहतात. आतून मेरिनो लोकर, त्यावर फ्लीस आणि वर जॅकेट, एवढे तीन थर उणे दहापर्यंत पुरले.

स्नोपँटवर 10,000 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आकडा असावा (कापड पाण्याचा किती दाब अडवतं, त्याचं हे माप) आणि शिवणी आतून टेपनं बंद असाव्यात. मूल बर्फात बसतं तेव्हा त्याच्या वजनानं पाणी आत दाबलं जातं, त्यामुळे हलकी पँट बुडापाशीच हार खाते. बुटाखालून जाणारा इलास्टिकचा पट्टा असेल तर पँट वर सरकत नाही. हा पट्टाच सर्वात आधी तुटतो. आमचा जानेवारीअखेर तुटला. बदलता येणारे, बटणाचे पट्टे असलेली पँट घ्या. हातमोजे पाच बोटांचे नकोत, पिशवीसारखे घ्या, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. लहान मुलांसाठी मनगटाच्या वर येणारा लांब काठ जॅकेटच्या बाहीवरून चढवायचा. मुलामागे दोन जोड लागतातच. विणलेले लोकरी हातमोजे बर्फात अर्धा तासही टिकत नाहीत.

संध्याकाळचं वाळवणं हे खरं काम, आणि चूक बहुधा इथेच होते. बूट थेट रेडिएटरवर (खोली गरम करणाऱ्या हीटरवर) ठेवले की तळव्याचा गोंद सुटतो. अस्तर-बूट आणि आतली गादी काढून वेगळी ठेवा, बुटात चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद भरा आणि तासाभरानं तो बदला. पहिला कागद हाताला गच्च ओला लागतो, दुसरा नुसता दमट, आणि सकाळी बूट कोरडा. रेडिएटरच्या थर्मोस्टॅटची चकती 3 वर म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर नेऊन कपडे लवकर वाळत नाहीत. सगळी वाफ खोलीतच राहते, खिडक्यांवर पाणी धरतं आणि कोपऱ्यात बुरशी येते. त्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या सताड उघडून पाच ते दहा मिनिटं हवा खेळू द्यायची. तिरपी उघडी ठेवलेली खिडकी नुसती भिंत गार करते. फ्लॅट घेताना बूट-स्लेजसाठी वेगळी खोली किंवा गरम तळघर आहे का, हे बाल्कनीच्या देखाव्याआधी विचारा.

लाकडी स्लेज, दावोस पद्धतीची, 1 मीटर लांब: चार महिन्यांत सर्वात जास्त आनंद हिनंच दिला. मोठा माणूस मागे, लहान मूल पुढे पायांमध्ये. डावीकडे वळायचं तर डावा पाय हलकेच बर्फाला टेकवायचा. थांबताना दोन्ही तळवे सपाट. टाच रुतवली की बर्फाचा फवारा थेट मुलाच्या तोंडावर येतो. ओढायची दोरी बसल्यावर नीट आत घ्या, नाहीतर स्लेजच्या पट्ट्यांखाली अडकते. हेल्मेट दोघांनाही. प्लास्टिकचा बॉब (छोटी घसरगाडी) हलका आणि स्वस्त, पण कडक बर्फावर वळत नाही, थांबतही नाही. सपाट अंगणापुरताच ठीक. फुटपाथवर घसरू नये म्हणून बारीक खडी टाकलेली असते. तिच्यावरून स्लेज ओढली की पोलादी पट्ट्यांवर ओरखडे पडतात. तेवढं अंतर उचलूनच न्या. तीन-चार दिवसांसाठी येत असाल तर भाड्यानं घ्या, गावातल्या खेळांच्या दुकानात मिळते.

फ्यॉन नावाचा कोरडा, उबदार दक्षिण वारा सुटला की काही तासांत पारा चढतो, बर्फाचा लगदा होतो आणि रात्री तोच गोठून काच बनतो. दुसऱ्या सकाळी स्लेजला सुट्टी आणि मोठ्यांच्या बुटांना काटे. अशा दिवशी व्हायोलिन संग्रहालय उत्तम. जुना व्हायोलिन-कारागीर माथियास क्लोट्झ याच्यापासून इथे व्हायोलिनं बनतात. लॉयटाशची घळ हिवाळ्यात बंद असते, ती धरून बेत आखू नका. लाउटरझे तळ्याची वाट मुलांना झेपते. ऊन डोंगरामागून उशिरा येतं आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून बाहेरचं सगळं अकरा ते तीनमध्ये बसवा.

म्युनिकहून येणारी गाडी गार्मिशला बऱ्याचदा दोन भागांत तुटते, तेव्हा डब्यावरचं नाव वाचूनच बसा. बायर्न तिकीट (बव्हेरियातल्या प्रादेशिक गाड्यांचं दिवसाचं तिकीट) सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच चालतं. 24 डिसेंबरला दुकानं दुपारी बंद होतात, 25, 26 डिसेंबर आणि 6 जानेवारीला बंदच; त्यात रविवार जोडून आला तर तीन दिवसांचं दूध-भाजी आधी भरावी लागते. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, शेगडी कसली आहे ते विचारून घ्या. शाकाहारींनी केझश्पेट्झलं (चीज घातलेले मऊ नूडल्स) मागवावं, पण सूप मांसाच्या रश्शावर केलेलं नाही ना, हे विचारावंच.

मार्चअखेर स्लेजच्या पट्ट्यांवरचा गंज 240 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासला, वर साधी मेणबत्ती चोळली आणि ती उभी टांगली. स्नोपँट सॉफ्टनर न घालता धुतल्या. सॉफ्टनरनं पाणी अडवण्याचा गुण जातो. थोरल्याचे बूट पुढच्या वर्षी लहान होणार. धाकटीसाठी ते ठेवलेत, अस्तर मात्र नवं घ्यावं लागेल, टाचेपाशी फेल्ट दबून पातळ झालंय.