सायबरपंक २०७७: यातली वाईट माणसं मनातून जात नाहीत

पावसाळ्यापासून ‘सायबरपंक २०७७’ खेळतेय, मूळ व्हिडिओ गेम आणि त्याचा पुढे आलेला जोड-भाग ‘फँटम लिबर्टी’, दोन्ही. ग्राफिक्स, गाड्या, बंदुका यांवर लोकांनी भरपूर लिहिलंय. मला लिहायचंय ते यातल्या खलनायकांबद्दल. पुढे कथेतली गुपितं फुटणार आहेत, त्यामुळे खेळायचं बाकी असेल तर इथेच थांबा.

आरासाका या बलाढ्य कंपनीचा मालक साबुरो आरासाका १५८ वर्षांचा आहे. दुसरं महायुद्ध लढलेला. पैसा, सत्ता सगळं आहे, पण त्याला मरायचं नाहीये. गेमच्या अनेक शेवटांपैकी ‘डेव्हिल’ या शेवटात तो परततो तो पोटच्या पोराच्या, योरिनोबूच्या, देहात. ते पाहिल्यावर त्या रात्री पुढे खेळवलंच नाही. कारण आपण ज्याच्या रूपात खेळतो त्या, मरणाच्या दारात असलेल्या व्हीलाही तेच हवं असतं: जगायचंय. त्यासाठी दुसऱ्याचं काय काय घ्यायचं, हा प्रश्न दोघांनाही सारखाच पडलेला.

योरिनोबू सुरुवातीला निव्वळ बापाचा खुनी वाटतो. कोन्पेकी प्लाझा या हॉटेलात तो साबुरोचा गळा दाबतो आणि आपण लपून बघत असतो. पण हा तरुणपणी घर सोडून बापाविरुद्ध उभा राहिलेला मुलगा. तो परत आला तो कंपनी आतून पोखरायला. गेम हे एका दमात सांगत नाही, कुठे संवादात तर कुठे एखाद्या फाइलमध्ये सापडतं. पुन्हा खेळाल तेव्हा कोन्पेकीतले त्याचे मेसेज वाचाच.

आरासाकाचा अर्धा यंत्र झालेला मारेकरी ॲडम स्मॅशर मात्र पोकळ. मारायला आवडतं म्हणून मारतो, बस्स. २.१ अपडेटनंतर त्याच्याशी लढाई चुरशीची झाली, पण माणूस म्हणून तो तेवढाच राहिला.

खरी कमाल आहे ‘फँटम लिबर्टी’तल्या हॅकर सोंगबर्डची, म्हणजे सो मीची. राष्ट्राध्यक्ष मायर्ससाठी तिला ब्लॅकवॉलपलीकडे, म्हणजे धोकादायक एआयना अडवणाऱ्या नेटवरच्या भिंतीपलीकडे, हात घालावा लागतो आणि तिकडचे एआय तिला आतून खात जातात. ती व्हीला उपचाराचं आमिष दाखवते, आणि तो उपचार एकालाच पुरणार हे अगदी शेवटी, चंद्रावर जायच्या वाटेवर कबूल करते. यावरून कर्वेनगरच्या टपरीवर आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. मित्राचं म्हणणं, “खोटं बोलली, फसवलं, विषय संपला.” मला ते पटत नाही. तिला आयुष्यभर सगळ्यांनी हत्यार म्हणूनच वापरलं, खरं बोलून कुणी मदत केली असती? मी तिला जाऊ दिलं, आजही देईन.

आणि तिच्या मागावर असलेला गुप्तहेर रीड! इड्रिस एल्बाने काय काम केलंय. मायर्सने सात वर्षांपूर्वी याला मरायला सोडलं, तरी हाक येताच हा हजर. हिंजवडीत अशी माणसं बघितलीत मी. प्रोजेक्टवरून काढलं तरी गळ्यातलं आयडी कार्ड न काढणारी. रीड दुष्ट नाही, त्याला निष्ठेवाचून दुसरं काही येतच नाही. त्याच्यावर बंदूक रोखताना माझे हात जड झाले होते.

नवीन खेळणाऱ्यांना एकच सांगते: साबुरोच्या मुलीला, हानाकोला, भेटायला एम्बर्स या रेस्टॉरंटमध्ये जाण्याआधी (तिथून शेवट सुरू होतो) ‘फँटम लिबर्टी’ पूर्ण करा, घाई नको. सबटायटल चालू ठेवा. आणि रीड फोनवर बोलत असताना संवाद पुढे ढकलू नका, त्याचं बरंचसं दुखणं त्या बोलण्यातच आहे.