कॅनकुनला भाड्याची गाडी घेताना झालेली फसवणूक

मेक्सिकोतील चिचेन इत्सा आणि उश्माल ही माया संस्कृतीची प्राचीन नगरे स्वतः गाडी चालवत पाहायची, असे आम्ही उभयतांनी ठरवले, तेव्हा ह्यूस्टनमध्ये बसून बारीकसारीक तपशील टिपले होते. कॅनकुन ते चिचेन इत्सा हे साधारण 200 किलोमीटरचे अंतर टोलच्या रस्त्याने जायचे की गावागावांतून जाणाऱ्या बिनटोलच्या, आणि युकातान राज्याची हद्द लागताच घड्याळ एक तास मागे घ्यायचे, इथपर्यंत तयारी होती. भाड्याकडे मात्र दुर्लक्ष झाले, कारण ते आश्चर्य वाटावे इतके कमी होते: आरक्षण करून देणाऱ्या एका संकेतस्थळावर पाच दिवसांचे 48 डॉलर, आणि तिथेच विकत घेतलेल्या ‘संपूर्ण विम्या’चे वेगळे 60 डॉलर.

रात्री दहा वाजता काउंटरवर कळले की तो विमा तेथे चालत नाही. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असल्याचे तेथील माणसाने सांगितले, आणि ते खरेच होते. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारे संरक्षणही बहुधा भाड्याच्या गाडीपुरतेच असते, आपल्या धडकेने जखमी झालेल्या दुसऱ्या माणसासाठी नसते. परंतु या खऱ्या गोष्टीच्या आडून त्याने गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमाही ‘कायद्यानेच’ म्हणून त्याच कागदावर चढवला, आणि खरी लबाडी ती होती. तो नको असेल तर कार्डावर 3000 डॉलरचे डिपॉझिट अडकवावे लागेल, असे त्याने पुढे सांगितले. मागे रांग, समोर स्पॅनिश करारपत्र, आणि आम्ही दमलेलो. मी सही केली. 48 डॉलरचे 290 झाले. परतल्यावर बँकेने करारावर माझी सही असल्याचे दाखवून तक्रार फेटाळली, आणि त्यात तिचे काही चुकले असेही म्हणवत नाही.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांनी थर्ड पार्टी विमा धरून एकूण रक्कम किती आणि डिपॉझिट किती, हे गाडी देणाऱ्या कंपनीकडून आरक्षणापूर्वीच ईमेलने लिहून घ्यावे. मध्यस्थ संकेतस्थळाच्या शब्दावर विसंबू नये.

दुसरा फटका लहान होता, पण जास्त झोंबला. तेथे पेट्रोल पंपावरचा माणूसच भरतो. 2018 पासूनची 500 पेसोंची नोट आणि जुनी 20 पेसोंची नोट, दोन्ही निळ्या आणि दोन्हींवर मेक्सिकोचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचे चित्र. मी 500 दिले, तो क्षणभर वळला आणि 20 ची नोट पुढे करून ‘हे कमी आहेत’ म्हणाला. मला स्वतःचीच शंका आली आणि मी आणखी 500 काढून दिले. वाटेतल्या वायादोलिद शहरात पोहोचल्यावर पाकीट उलटे करून मोजले, तेव्हा आमच्याकडे 20 ची एकही नोट कधीच नव्हती हे पत्नीने लक्षात आणून दिले.