युरोपच्या उन्हाळी भटकंतीत मुक्काम कुठे: यूथ हॉस्टेल, साखळी हॉस्टेल की छोटं खासगी हॉस्टेल?

सॅक पाठीवर टाकून युरोपला जायचं ठरलं की विमानाच्या तिकिटावर आपण महिनाभर डोकं लावतो आणि हॉस्टेलं मात्र 'सर्वांत स्वस्त आधी' अशी यादी लावून एका संध्याकाळी उरकतो. एकदा हिशेब मांडून पाहा. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला आणि एका पलंगाला सरासरी ३५ युरो पडले, तर २० रात्रींचे ७०,००० रुपये होतात. विमानभाड्याच्या तोडीची ही रक्कम आहे आणि हिच्यात वाचवायला वाव जास्त आहे. फक्त ती बचत पलंगाच्या दरात दिसत नाही. चादरीचं भाडं, नाश्ता, शहराचा पर्यटन कर, स्टेशनपासूनची बस, स्वयंपाकघर आहे की नाही, हे सगळं धरून ती रात्र कितीला पडली ते बघायचं. तसं बघितलं की यादीत पहिलं असलेलं हॉस्टेल बऱ्याचदा पाचव्या नंबरवर जातं.

निवड मुख्यतः तिघांत असते. जुन्या संस्थेची यूथ हॉस्टेलं, मोठ्या कंपन्यांची साखळी हॉस्टेलं आणि एखाद्या मालकाने हौसेने चालवलेली छोटी हॉस्टेलं. तिन्ही ठिकाणी बंक बेडच मिळतो, पण दिवस फार वेगळा जातो.

यूथ हॉस्टेल: आपल्याकडचं कार्ड इथे चालतं

हॉस्टेल ही कल्पनाच जर्मनीतली. रिचर्ड शिरमान नावाच्या शाळामास्तरांनी मुलांना पायी सहलींना नेताना मुक्कामाची अडचण अनुभवली आणि त्यातून १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल उभं राहिलं. आज ही चळवळ हॉस्टेलिंग इंटरनॅशनल या नावाने जगभर पसरली आहे. आपली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया तिचीच सदस्य. सर पास किंवा गोव्याचा ट्रेक ज्यांनी वायएचएआयबरोबर केला असेल, त्यांच्याकडे कार्ड असेलच. मुदत तपासा, संपली असेल तर निघण्याआधी नवं काढा. जर्मनीत या हॉस्टेलांसाठी सभासदत्व लागतंच आणि स्वित्झर्लंडमध्ये सभासद नसलेल्याला दर रात्री जादा पैसे पडतात. आपल्याकडे ते कार्ड खूपच स्वस्तात होतं.

यादीत यूथ हॉस्टेल महाग दिसतं, कारण जर्मनीत त्या दरात सहसा चादरी आणि नाश्ता धरलेला असतो. रिसेप्शनवर तुमच्या हातात धुतलेली चादर, उशीचा अभ्रा आणि दुलईची खोळ देतात. पलंग आपण लावायचा आणि निघताना सगळं काढून टोपलीत टाकायचं. नाश्त्याला गरम पाव, चीज, म्युसली, दही, अंडी, फळं, चहा-कॉफी. पोटभर खाल्लं की दुपारी दोनपर्यंत भूक लागत नाही. बाहेर एवढंच खायला सहज १० युरो जातात. ते वजा केले की ४० युरोंचं यूथ हॉस्टेल आणि ३० युरोंचं दुसरं कुठलंही हॉस्टेल एकाच पायरीवर येतात.

जागांच्या बाबतीत तर यांच्याशी कुणाची बरोबरी नाही. ऱ्हाईनकाठच्या बाखाराखला श्टालेक हा अख्खा किल्लाच यूथ हॉस्टेल आहे. न्यूरेंबर्गला किल्ल्याच्या जुन्या घोडपागेत मुक्काम करता येतो, स्टॉकहोमला 'आफ चॅपमन' या शिडाच्या जहाजावर. डॉर्मच्या, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतल्या पलंगाच्या पैशात अशी रात्र मिळत असेल तर मी दुसरं काही बघणारही नाही.

उणीव एवढीच की बऱ्याच ठिकाणी पाहुण्यांना स्वयंपाकघर मिळत नाही, हॉस्टेल गावाबाहेर किंवा चढावर असतं आणि लहान गावांत रिसेप्शन संध्याकाळी लवकर बंद होतं. आपल्या कॉलेजांच्या परीक्षा संपतात त्या मे-जूनमध्ये जर्मन शाळांच्या सहलीही जोरात असतात, त्यामुळे सकाळी सात वाजता जिन्यावर शंभर मुलं धावत असतील याची तयारी ठेवा. उत्तरेकडे नियम बदलतात: स्वीडनमध्ये चादरींचे पैसे बहुधा वेगळे लागतात आणि स्वतःची स्लीपिंग बॅग पलंगावर पसरायला मनाई असते. घरून एक सुती चादर-अभ्रा नेला तर स्कॅन्डिनेव्हियात रोजचे पैसे वाचतात.

साखळी हॉस्टेल: रात्री अकराला उतरणाऱ्यासाठी

जनरेटर, मायनिंगर, ए अँड ओ, वोम्बॅट्स, सेंट ख्रिस्तोफर्स ही नावं मोठ्या शहरांत पुन्हा पुन्हा दिसतील. यांची खरी किंमत आहे ती चोवीस तास उघड्या रिसेप्शनमध्ये. आपल्याकडून जाणारी बरीच विमानं आखातात बदलावी लागतात, त्यामुळे पोहोचण्याची वेळ कशीही येते. ट्रेन उशिरा सुटली तर मध्यरात्र होते. अनोळखी शहरात रात्री चालत पाच मिनिटांवर, दिवे असलेल्या रस्त्यावर हॉस्टेल असणं याला मी दहा युरो जास्त मोजायला तयार आहे. पहिली रात्र आणि परतीच्या विमानाआधीची रात्र, या दोन्हींसाठी माझं मत साखळी हॉस्टेललाच.

एरवी मात्र डोळे उघडे ठेवून बुकिंग करा. दर विमानासारखे वरखाली होतात; मंगळवारी २५ युरोंना असलेला पलंग शनिवारी ५५ ला जाऊ शकतो. म्हणून मोठी शहरं सोमवार ते गुरुवारात बसवा आणि शनिवार-रविवार लहान गावांत घालवा. नाश्ता वेगळा, टॉवेल वेगळा, काही ठिकाणी लॉकरचं कुलूपही वेगळं. कुलूप तर घरूनच न्या. स्वयंपाकघराचं म्हणाल तर मायनिंगरमध्ये ते असतं. ज्यांच्या तळमजल्यावर बार असतो त्यांना पाहुण्यांनी वर भात शिजवणं सहसा नको असतं. शाकाहारी माणसाला हा फरक रोज पंधरा युरोंचा पडतो.

छोटं खासगी हॉस्टेल: लिस्बन, क्राकोव, बुडापेस्ट

एकट्याने जाणार असाल, माणसं भेटावीत असं वाटत असेल, तर मी इकडे पाठवीन. लिस्बनने यात नाव कमावलं आहे. तिथल्या बाइशा भागातल्या होम लिस्बन हॉस्टेलमध्ये मालकाची आई संध्याकाळी सगळ्यांसाठी जेवण रांधते, ही गोष्ट भटक्यांमध्ये प्रसिद्ध आहे. स्वित्झर्लंडमधल्या गिमेलवाल्ड या मोटारी नसलेल्या खेड्यात माउंटन हॉस्टेल आहे. समोर युंगफ्राऊ शिखराच्या रांगेतल्या भिंती आणि आत पाहुण्यांचं स्वयंपाकघर. खाली इंटरलाकेनमध्ये बाल्मर्स हे हॉस्टेल तरुणांच्या गजबजीसाठी जुनं आणि नावाजलेलं.

अशा ठिकाणी पहिल्यांदा स्वयंपाकघरात जा. एका फळीवर 'फ्री फूड' अशी चिठ्ठी असते आणि पुढच्या गावाला निघालेल्यांनी मागे ठेवलेलं सामान तिथे साठलेलं असतं: अर्धं तांदळाचं पाकीट, पास्ता, मीठ, तळाशी थोडं उरलेलं तेल, कधी डब्यातले चणे. आपण घरून हळद, तिखट, जिरं आणि थोडी मुगाची डाळ नेलेली असेल तर दोन युरोंत चौघांची खिचडी होते. आणि फोडणीचा वास सुटला की बाजूच्या टेबलावरचा माणूस विचारायला येतोच. ओळखी अशाच होतात. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, तेव्हा शनिवारी संध्याकाळीच भाजी-दूध आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं उघडी मिळतात.

धोके? लिफ्ट नसलेला चौथा मजला, बाराजणांत एक न्हाणीघर, रात्री दहानंतर दार उघडायला कुणी नसणं. बुडापेस्टमध्ये तर आधीच ठरवा, झोपायचंय की रात्रभर जागायचंय. 'पार्टी हॉस्टेल' असं लिहिलेलं असेल तर ते शब्दशः घ्या. अभिप्राय वाचताना एकूण गुण बघू नका. गेल्या जुलै-ऑगस्टमधले अभिप्राय काढा आणि त्यात उकाडा, ढेकूण, आवाज हे शब्द शोधा. रोम, पॅरिस, माद्रिदमध्ये उन्हाळ्यात पारा ३५ च्या वर जातो आणि जुन्या इमारतींत एसी नसणं अगदी सर्रास आहे. वरच्या मजल्यावरच्या डॉर्ममध्ये मुंबईचा मे महिना बरा वाटेल.

एकच शहर, दोन हिशेब

व्हेनिसचं उदाहरण घेतो, कारण तिथे फसायला होतं. जुदेक्का बेटावर जनरेटर आहे, समोर पाण्यापलीकडे सान मार्को चौक. पण तिथे जायला व्हापोरेत्तो म्हणजे पाण्यावरची बस लागते आणि तिचं एकेरी तिकीट ९.५० युरो. २४ तासांचा पास २५ युरो, ४८ तासांचा ३५. पुलापलीकडे मेस्त्रेला मात्र स्टेशनजवळ ए अँड ओसारखी मोठी हॉस्टेलं आहेत. तिथून लोकल ट्रेन साधारण दीड युरोत दहा-बारा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला पोहोचवते. दोन दिवसांत चार फेऱ्या केल्या तरी सहा युरो, आणि पुढे व्हेनिस पायीच बघायचं असतं. मेस्त्रे व्हेनिस महापालिकेतच येतं, त्यामुळे दिवसापुरतं व्हेनिसला येणाऱ्यांना काही दिवशी लागणारं प्रवेशशुल्क तिथे राहणाऱ्यांना भरावं लागत नाही. संकेतस्थळावर सवलतीची नोंद मात्र करावी लागते. पैशाच्या हिशेबात मेस्त्रे सरळ जिंकतं. तरीही एकच रात्र असेल तर मी बेटावर राहीन. संध्याकाळी सातनंतर दिवसाची गर्दी ओसरते तेव्हाचं व्हेनिस बघायला ट्रेनचं वेळापत्रक सांभाळत बसायला नको. वय एकोणतिशीच्या आत असेल तर रोलिंग व्हेनिस या तरुणांसाठीच्या कार्डावर व्हापोरेत्तोचा ७२ तासांचा पास बराच स्वस्त पडतो, तोही बघा.

ॲमस्टरडॅममध्ये पर्यटन कर मुक्कामाच्या रकमेवर साडेबारा टक्के आहे आणि शोधयादीत तो कधी धरलेला असतो, कधी नसतो. उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथला डॉर्म बुडापेस्टच्या तीन रात्रींच्या भावात जातो. शेजारच्या हार्लेमला राहून वीस मिनिटांच्या ट्रेनने ये-जा करणं शहाणपणाचं. उलट स्वित्झर्लंडमधल्या बाझलला हॉस्टेलच्या पाहुण्यांनाही बाझल कार्ड मिळतं आणि त्यावर शहरातली ट्राम-बस फुकट. इंटरलाकेनच्या गेस्ट कार्डावरही जवळपासची बस चालते. महागड्या स्वित्झर्लंडमध्ये चेक-इन करताना हे कार्ड मागून घ्या.

लंडनची हॉस्टेलं या यादीत मी धरलेली नाहीत. ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

व्हिसामुळे बदलणारं गणित

युरोपीय पोरं उद्याच्या गावाचं हॉस्टेल आज रात्री ठरवतात. आपल्याला ते जमत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांसाठी मिळून असलेल्या शेंगेन व्हिसासाठी (जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो) प्रवासातल्या सगळ्या रात्रींचं बुकिंग दाखवावं लागतं, सोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज. म्हणजे हॉस्टेलांची यादीच तुमचा दूतावास ठरवते. यासाठी 'मोफत रद्द करता येईल' असाच दर घ्या. न परतणाऱ्या दरात थोडे पैसे वाचतात, पण व्हिसा लांबला तर सगळेच बुडतात. हॉस्टेलवर्ल्ड या बुकिंगच्या साइटवर साध्या बुकिंगला भरलेली अनामत परत मिळत नाही, तेव्हा तिथेही मोफत रद्द होणारा पर्याय निवडा आणि मग तोच पलंग हॉस्टेलच्या स्वतःच्या साइटवर कितीला आहे ते पाहा. मैत्रिणी-मित्र मिळून जात असाल तर पावतीवर प्रत्येकाचं नाव हवं.

मुलींना एक आग्रहाने सांगतो: महिला डॉर्म दोन-चार युरोंनी महाग असला तरी घ्या, आणि बारापेक्षा सहा पलंगांचा. झोप नीट झाली तर पुढचा दिवस हाती लागतो. पलंगाला पडदा, स्वतःचा दिवा आणि उशाशी प्लग आहे का, हे फोटोत बघून घ्या.

तीन आठवड्यांसाठी मी मिश्रणच करीन. उतरल्या रात्री म्युनिकला स्टेशनजवळचं साखळी हॉस्टेल, ऱ्हाईनकाठी आणि न्यूरेंबर्गला यूथ हॉस्टेल, स्वित्झर्लंडमध्ये स्वयंपाकघर असलेलं काहीही, इटलीत मेस्त्रे, आणि शेवटचा आठवडा बुडापेस्ट-क्राकोवच्या छोट्या हॉस्टेलांत, जिथे पलंग १५ ते २५ युरोंत मिळतो. व्हिसा हातात आला की आधी व्हेनिस आणि स्विस मुक्काम पक्के करा, १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत असाल तर त्याहूनही लवकर, कारण तो इटालियन लोकांच्याच सुट्टीचा आठवडा आहे. बुडापेस्ट आणि क्राकोवची बुकिंगं मात्र शेवटपर्यंत बदलत राहा. तिथे निघायच्या आठवड्यातही याहून चांगला पलंग त्याच पैशांत सापडतो.