टिळकवाडीतलं मुळव्याधीचं क्लिनिक : पाचपैकी चार स्टार

बेळगावात मुळव्याध म्हटलं की बोर्ड आधी लेझरचेच दिसतात. मला एका ठिकाणी न तपासताच लेझरचं पॅकेज सांगितलं, वर "आज ॲडव्हान्स भरला तर डिस्काउंट". दिवाळीचा साडी सेल बरा! मग खानापूरच्या नणंदेनं टिळकवाडीतल्या या सर्जनकडं नेलं.

मी शहापुरात ब्लाउज शिवते, दिवसभर मशीनवर बसून. दुखणं अजिबात नाही, पण संडासला गेलं की लालभडक रक्त. डॉक्टर म्हणाले, "न दुखता रक्त जातंय म्हणजे आतले कोंब असतील, पण बघितल्याशिवाय सांगणार नाही, ताई." डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवलं. अंगावर चादर, सिस्टर शेवटपर्यंत शेजारी. डॉक्टर पुरुष आहेत म्हणून अडून बसलेल्या बायकांसाठी हे मुद्दाम लिहितेय.

पन्नाशीला आलेय म्हणून आधी मोठ्या दवाखान्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी, करून यायला लावलं. आतड्यातल्या गाठीतूनही असंच रक्त जाऊ शकतं, तेव्हा मुळव्याधच असणार असं धरून चालायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. तिथं काही निघालं नाही. हिमोग्लोबिन मात्र कमी आलं.

माझी दुसऱ्या ग्रेडची निघाली. कोंब कुंथताना बाहेर येतात आणि आपोआप आत जातात ती दुसरी. बोटानं ढकलावे लागले तर तिसरी. आत जातच नाहीत ती चौथी. पहिलीत फक्त रक्त. माझ्यासाठी त्यांनी रबर बँड सुचवला. नळी घालून कोंब ओढून धरायचा आणि बुडाशी बारीक रबरी कडं चढवायचं. रक्तपुरवठा तुटला की कोंब वाळतो आणि आठवड्याभरात बँडसकट गळून पडतो. भूल नाही. आतल्या त्या भागाला दुखण्याची जाणीव फारशी नसते. बाहेरच्या कोंबांना म्हणूनच बँड लावत नाहीत, तिथं जीव जाईल.

टक् असा आवाज आला आणि झालं. मग दोन दिवस सारखं संडासला लागल्यासारखं वाटत होतं. कुंथू नका, कोमट पाण्यात बसा, रात्री इसबगोल, एवढंच पथ्य. बँड पडताना थोडं रक्त दिसेल हे आधीच सांगितलं होतं, त्यामुळं दिसलं तेव्हा घरात धावपळ झाली नाही. जास्त रक्त, ताप किंवा लघवी अडली तर रात्री दोनलाही या, असं चिठ्ठीवर लिहून दिलं. एकाच वेळी सगळे कोंब बांधले नाहीत, उरलेल्यासाठी पुन्हा जावं लागलं. बिल लेझरच्या आकड्यापुढं किरकोळ.

लेझर वाईट असं ते म्हणत नाहीत. मोठ्या कोंबांना लेझर, स्टेपलर किंवा सरळ ऑपरेशन लागतं, आणि कशानंही परत होणारच नाही अशी गॅरंटी कुणी दिली तर उठून या म्हणाले. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. बँड गळताना त्यांचं रक्त लवकर थांबत नाही, म्हणून अशांना कधी बँडऐवजी कोंबात इंजेक्शनचा पर्याय देतात.

खाण्याचं मात्र त्यांनी चांगलंच झापलं. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी चालू ठेवायची, पण एकादशी आणि सोमवारची साबुदाण्याची खिचडी बंद. सासूबाईंना हे पटवणं बँडपेक्षा अवघड गेलं. त्यात हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या, त्यानं संडास काळी आणि घट्ट होते, म्हणून पाणी जास्त प्या.

एक स्टार कापलाय तो रिसेप्शनसाठी. भरल्या बाकड्यांसमोर "पाईल्सवाले कोण?" म्हणून ओरडतात. आणि संमतीचा फॉर्म फक्त कन्नड-इंग्रजीत. सिस्टरनं ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवला, पण सीमाभागात दवाखाना चालवता तर मराठीतही छापा की.