एकाच जागी दोन चंद्रकोरी

प्राचीन इराणच्या हखामनी राजांच्या ‘सिग्लोस’ नावाच्या दोन चांदीच्या नाण्यांपायी मी 38,500 रुपये घालवले: प्रत्येक नाण्याचे 18,500 आणि ‘अस्सलपणाच्या दाखल्या’चे 1,500. तो दाखला विक्रेत्याच्याच भाच्याने लिहिला होता, हे नंतर कळले. मी वीस वर्षे मध्ययुगीन भारतातली गधैया नाणी जमवतो, नवशिका नाही. म्हणूनच लाज अधिक वाटते.

सिग्लोसवर गुडघा दुमडून धावणारा, धनुष्य आणि भाला घेतलेला मुकुटधारी राजा असतो आणि मागे नुसता लांबट खोलगट ठसा. त्यावर नाव नाही, सन नाही. त्यामुळे नक्कल करणाऱ्याला चुकायला फारसा वावच नाही. विक्रेत्याने नाणी हखामनींची इराणमधली राजधानी पर्सेपोलिस इथली असल्याचे सांगितले. तिथल्या अपादान सभागृहाच्या पायात ठेवलेल्या नाण्यांत एकही सिग्लोस नव्हता आणि ही नाणी मुख्यतः पश्चिम आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानात) चालत, हे ठाऊक असूनही मी मनातल्या मनात त्याचीच चूक सावरून घेतली.

खरी ठेच पुढेच होती. दोन्ही नाण्यांवर राजाच्या गुडघ्याशी चंद्रकोरीची बारीक खूण होती. चांदी पारखणारे अशा खुणा हाताने ठोकीत, म्हणून ती पाहून मी हरखलो. पण हाताने ठोकलेली खूण दोन नाण्यांवर नेमक्या त्याच जागी, त्याच कलाने कशी उमटेल, हे भिंग हातात असूनही सुचले नाही. दोन्ही एकाच नाण्यावरून साचा घेऊन ओतली होती. वयस्कर विक्रेता चहा पाजत असताना वजनकाटा बाहेर काढणे मला उद्धटपणाचे वाटले. तुम्ही खुशाल उद्धट व्हा. घरी वजने 4.6 आणि 4.7 ग्रॅम भरली. अस्सल नाणे साडेपाचच्या आसपास भरते. पर्शियन धनुर्धरांनी आपल्याला आशियातून हुसकले, असे स्पार्टाचा राजा अगेसिलाउस नाण्यांनाच उद्देशून म्हणाला होता. मला दोघेच पुरले.

पोलीस ठाण्यात पाच खेपा झाल्या. व्यवहार राजीखुशीचा, दिवाणी दावा लावा, असे एकाने सांगितले; पैसे मोबाइलवरून दिले असले तरी भेट समोरासमोर झाली, म्हणून ऑनलाइन तक्रारही परत आली. नाणी खोटी असल्याचे तज्ज्ञाचे पत्र मागितले, तर ज्या कार्यालयात गेलो तिथे ‘खासगी व्यक्तीला मत देत नाही’ हे उत्तर मिळाले. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार विनापरवाना विक्रीची तक्रार करावी, तर वस्तू पुरातनच नाही. फसवणुकीची करावी, तर खोटेपणा मीच सिद्ध करायचा.

आणखी दोन तक्रारदार आणल्यास अर्ज पुन्हा पाहू, एवढेच शेवटी कबूल झाले. राजाच्या गुडघ्याशी चंद्रकोर असलेले नाणे कोणी घेतले असल्यास वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे मला पाठवावीत.